जर्मनीत नव्याने आलात? आधी पाट्यांचे फोटो काढायला लागा

जर्मनीत माणसांपेक्षा भिंतीच जास्त बोलतात. दारावर, कचऱ्याच्या डब्यावर, जिन्यात, बागेच्या फाटकावर, झाडाला बांधलेल्या कागदावर, सगळीकडे काहीतरी लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते तुमच्यासाठीच असतं. पुण्यात आपण सरळ विचारतो, "काका, इथे गाडी लावली तर चालेल का?" इथले काका उत्तर देतात, पण आधी पाटीकडे बोट दाखवतात.

म्हणून नवीन आलेल्यांना मी एकच गोष्ट सांगते. पहिले काही महिने किल्ले आणि चर्च राहू द्या, पाट्यांचे फोटो काढा. जिना, डबे, किमतीची चिठ्ठी, पोस्टाची पेटी, जे कळलं नाही ते टिपा आणि घरी येऊन सावकाश वाचा. वर्गातलं जर्मन आणि रस्त्यावरचं जर्मन यांच्यात बरंच अंतर असतं, ते या फोटोंनी कमी होतं. दंडही वाचतो.

मी श्टुटगार्टला राहते, त्यामुळे उदाहरणं बरीचशी इथलीच आहेत. हे शहर १९६८ पासून मुंबईचं जुळं शहर आहे. चाकणच्या मर्सिडीजचं आणि नाशिकच्या बॉशचं मुख्यालय याच परिसरात असल्यामुळे ट्राममध्ये मराठी कानावर पडणं इथे नवलाचं नाही.

बरोबर काय काय हवं

- साधा फोन पुरतो. मोठा कॅमेरा गळ्यात असला की लोक उगाच सावध होतात.
- फोनमध्ये जर्मन कीबोर्ड. स्वरांवरचे दोन ठिपके न देता शोधलंत तर शब्दकोश भलताच शब्द दाखवतो. 'शोन' म्हणजे आधीच, 'श्योन' म्हणजे सुंदर, आणि लिहिताना फरक फक्त त्या ठिपक्यांचा.
- लेओ किंवा डूडेनसारखा शब्दकोश.
- भाडेकराराची आणि हाउसऑर्डनुंगची, म्हणजे इमारतीच्या नियमावलीची प्रत.
- आपल्या भागाचं आबफालकालेंडर, म्हणजे कोणता कचरा कोणत्या दिवशी उचलतात त्याचं वेळापत्रक.
- गाडी असेल तर निळी पार्कशायबे. तिच्याबद्दल पुढे येईलच.

१. कॅमेरा कुठे उघडायचा नाही, ते आधी शिका

सुरुवात बंधनांपासून करते आहे, कारण या बाबतीत आपल्या सवयी आणि इथल्या सवयी फार वेगळ्या आहेत. आपल्याकडे लग्नात, रेल्वेत, देवळाबाहेर कुणाचाही फोटो सहज निघतो आणि संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या गटात फिरतो. इथे ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. हा नियम इंटरनेटच्या कितीतरी आधीचा, १९०७ च्या कायद्यातला आहे. त्यामागची हकिगत मोठी विलक्षण आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्याच्या खोलीत शिरले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. प्रकरण न्यायालयात गेलं. त्यांना रोखायला नेमका कायदाच नाही हे तेव्हा उघड झालं आणि पुढे तो करण्यात आला.

कायद्यात सवलती आहेत. देखाव्याचा फोटो काढताना कोपऱ्यात कुणी चालत असेल, किंवा मिरवणूक अथवा सभेचा फोटो असेल, तर प्रत्येकाची परवानगी लागत नाही. पण 'समोरच्या बाकावर बसलेल्या आजी किती गोड दिसत होत्या' या कारणाने त्यांचा चेहरा स्टेटसवर टाकता येत नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो तर नकोच. बालवाडीच्या समारंभातही आपल्या मुलाबरोबर इतरांची मुलं फोटोत येणार असतील तर पालकांना विचारून घ्या. विचारण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, न विचारण्यात वाटतं.

काही ठिकाणी फोन खिशातच राहू द्या. पोहण्याचा तलाव, सौना, कपडे बदलायची जागा ही त्यातली पहिली. कुणाच्या घरातला किंवा अशा आडोशाच्या जागेतला खासगी क्षण चोरून टिपला तर तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातात जखमी झालेल्यांचे फोटो काढणंही त्याच कलमात येतं. रस्त्यावर अपघात दिसला की गाडी हळू करून फोन बाहेर काढणाऱ्यांबद्दल इथे लोकांना मनस्वी चीड आहे, आणि ती योग्यच आहे.

इमारतींचं सोपं आहे. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून, शिडी न लावता, कायमस्वरूपी उभी असलेली इमारत किंवा पुतळा टिपता येतो आणि छापताही येतो. यातला 'कायमस्वरूपी' हा शब्द महत्त्वाचा. १९९५ मध्ये क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार दांपत्याने बर्लिनची राइशटाग, म्हणजे संसदेची इमारत, कापडात गुंडाळली होती. त्या रूपाची पोस्टकार्डं त्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, कारण ती कलाकृती तात्पुरती होती, असा निकाल २००२ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने दिला. ड्रोनमधून काढलेल्या फोटोंना ही मोकळीक नाही, हेही त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं.

दुकान, संग्रहालय, दवाखाना, ऑफिस इथे जागेच्या मालकाचा शब्द चालतो. एक वाक्य पाठ करून ठेवा: "डार्फ इश हीर फोटोग्राफीरेन?" म्हणजे 'मी इथे फोटो काढू का?' उत्तर बहुधा होकारार्थी येतं.

हा सगळा बाऊ वाटत असेल तर २०१० ची गोष्ट ऐका. गूगलने रस्त्यांची छायाचित्रं इथे आणली तेव्हा सुमारे २ लाख ४४ हजार कुटुंबांनी आपलं घर धूसर करायला लावलं होतं. असा हा समाज आहे.

२. सामान लावण्याआधी रिकाम्या घराचे फोटो

हे कुतूहलापोटी नाही, पैशांसाठी करायचं. जर्मनीत घराची काउत्सियोन, म्हणजे अनामत, तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्यापर्यंत असू शकते. ती सोडताना परत मिळते, पण भिंतीवरचा ओरखडा कुणाचा यावरून त्यातून कापली जाते.

किल्ली घेताना घरमालकाबरोबर प्रत्येक खोली फिरा. फरशीवरचे डाग, खिडकीच्या चौकटीतले तडे, सिंकचा उडालेला टवका, सगळं टिपा आणि हस्तांतराच्या कागदावर, म्हणजे युबरगाबेप्रोटोकोलमध्ये, लिहून घ्या. फोटो आहे पण कागदावर नोंद नाही, अशी वेळ आली तर वाद घालत बसावं लागतं. वीज, पाणी आणि हीटिंग यांच्या मीटरचे फोटो आकडे आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसतील असे घ्या. रेडिएटरवर चिकटवलेली छोटी यंत्रं असतात, त्यांचेही घ्या. वर्षाअखेरचा हिशोब त्यांच्यावरच होतो.

याच वेळी मालकाकडून राहण्याचा दाखला मागून घ्या. त्याला वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग म्हणतात. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, करावी लागते. तिथे पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि हा दाखला लागतो. भाडेकरार दाखवून भागत नाही, आणि इथेच अनेक जण अडतात. भेटीच्या वेळा लवकर भरतात म्हणून घर ठरताच वेळ घेऊन टाका.

३. आपल्या इमारतीपासून सुरुवात

पहिला फोटो घंटांच्या फळीचा. फ्लॅटला सहसा नंबर नसतो, घंटेवर आडनाव असतं. तेच आडनाव पोस्टाच्या पेटीवर हवं. पेटीवर 'कुलकर्णी' नसेल तर कुलकर्ण्यांचं पत्र परत जातं, मग ते बँकेचं असो की व्हिसा कार्यालयाचं. मित्राकडे तात्पुरते राहत असाल तर त्याच्या पेटीवर कागदाची पट्टी चिकटवून आपलं नाव घाला. याला कुणी हसत नाही.

पेट्यांवर 'बिटे काइने वेर्बुंग' अशी चिठ्ठी दिसेल, म्हणजे जाहिराती टाकू नका. तुम्हीही लावा. नाहीतर दर आठवड्याला सुपरमार्केटच्या रंगीत पत्रकांचा गठ्ठा येतो. मी मात्र पहिल्या वर्षी चिठ्ठी लावली नव्हती. भाज्यांची, मांसाची, अवजारांची नावं चित्रांसकट फुकट घरी येत होती, ती कशाला नाकारायची?

श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, असाल तर कधीतरी तुमच्या दाराच्या मुठीवर एक छोटी पाटी लटकलेली सापडेल. तिचा फोटो काढाच. ती केअरवोखेची पाटी, म्हणजे या आठवड्यात झाडलोट तुमची. नावात केर असल्यामुळे आपल्याला लक्षात ठेवायला सोपं. श्टुटगार्टमध्ये दर आठवड्याला घाण बाहेर नेण्याची सक्ती करणारा नियम १४९२ सालचा आहे. आज केअरवोखे चालते ती भाडेकरार आणि हाउसऑर्डनुंग यांच्या जोरावर. धाकटी केअरवोखे म्हणजे आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसणं. थोरली म्हणजे मुख्य दार, तळघराची वाट, फुटपाथ, आणि बऱ्याच घरांत हिवाळ्यातला बर्फसुद्धा. काम झालं की पाटी शेजाऱ्यांच्या दारावर अडकवायची. जिना स्वच्छच दिसतोय म्हणून पाटी तशीच पुढे सरकवू नका. जिना पुसताना तुम्ही दिसलात, हेही त्या कामातच धरलं जातं. आमच्या इमारतीतल्या आजींशी माझी ओळख बादली हातात असतानाच झाली.

मग डबे. प्रत्येक डब्याचा झाकणासकट आणि वरच्या चित्रासकट वेगळा फोटो घ्या आणि पहिले काही आठवडे तो स्वयंपाकघरात चिकटवा. कागद, ओला कचरा, वेष्टनं आणि उरलेला कचरा असे चार प्रकार जवळजवळ सगळीकडे असतात, पण रंग गावागणिक बदलतात. हैदराबादहून म्युनिकला आलेल्या मित्राचा सल्ला श्टुटगार्टमध्ये चालेलच असं नाही. वेष्टनांसाठी कुठे पिवळा डबा असतो, कुठे पिवळी पिशवी. काचेच्या बाटल्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या मोठ्या पेट्यांत पांढरी, तपकिरी, हिरवी अशा वेगवेगळ्या टाकायच्या. निळी काच हिरव्यात जाते. त्या पेटीवर वेळा लिहिलेल्या असतात, त्यांचाही फोटो घ्या, कारण रविवारी आणि रात्री काच टाकायची नसते. आवाज होतो.

आवाजावरून जिन्यातल्या हाउसऑर्डनुंगकडे या. त्यात 'रूहेत्साइट' हा शब्द शोधा. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवार-सुट्टीचा पूर्ण दिवस शांततेचा. कुठे दुपारचेही दोन तास असतात. कुकरच्या शिट्टीवर कुणी हरकत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही, पण रविवारी भिंतीत ड्रिल घातलंत तर तक्रार नक्की.

४. पाटीचा फोटो कसा काढायचा आणि कसा वाचायचा

प्रत्येक पाटीचे दोन फोटो घ्या. एक जवळून, अक्षरं वाचता येतील असा. दुसरा दुरून, पाटी कशावर आहे आणि आजूबाजूला काय आहे ते दाखवणारा. दुसऱ्याचा कंटाळा केलात तर महिन्याभराने 'प्रवेश बंद' कुणाला आणि कशात, तेच कळत नाही.

मोठ्या पाटीखाली एक छोटी पाटी असते. ती फोटोतून कापली गेली तर सगळा अर्थ गेला. वर गाड्यांना मनाई आणि खाली 'आनलीगर फ्राय' असेल, तर त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना आणि त्यांच्याकडे काम असणाऱ्यांना जाता येतं. वर 'एकदिशा मार्ग' आणि खाली सायकलचं चित्र व 'फ्राय' असेल, तर सायकलला उलट जायला मुभा. 'फ्राय' म्हटलं की आपल्याला फुकट आठवतं. पाट्यांवर त्याचा अर्थ 'यांना परवानगी' एवढाच.

लांबलचक शब्द दिसला की घाबरू नका, शेवटून सोडवा. आपला तत्पुरुष समासच तो. राजवाडा हा जसा आधी वाडा, मग राजाचा, तसंच 'पार्कशाइनआउटोमाट' हे आधी यंत्र, मग चिठ्ठीचं, मग पार्किंगच्या चिठ्ठीचं. शेवटचा तुकडा कळला की निम्मं काम झालं, आणि शब्दाचं लिंगही त्या शेवटच्या तुकड्यावरूनच ठरतं.

फोनचं कॅमेरा-भाषांतर जरूर वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. पाटीवर क्रियापद अर्धवट असतं, वाक्य तुटक असतं आणि ॲप ते जमेल तसं जोडतं. मराठीत तर ते बऱ्याचदा इंग्रजीवरून उड्या मारत येतं. 'फोर्झिश्ट डाखलाविनेन' ही पाटी ॲपमधून काय होऊन येईल याचा नेम नाही. छपरावरून बर्फाचा ढीग कोसळू शकतो, भिंतीलगत चालू नका, असा तिचा साधा अर्थ. फोटोतला मजकूर कॉपी करा, शब्द सुटे करा आणि शब्दकोशात पाहा. नाहीच जमलं तर शेजाऱ्यांना फोटो दाखवून विचारा, "वास बेडॉइटेट डास?" म्हणजे 'याचा अर्थ काय?' हवापाण्यावर न बोलणारी माणसं पाटीचा अर्थ सांगायला पाच मिनिटं थांबतात.

आकड्यांचे सापळे वेगळे. जर्मन हातचा १ इतका टोकदार असतो की आपल्याला ७ वाटतो. त्यांचा ७ ओळखायची खूण म्हणजे मधली आडवी रेघ. दशांशाच्या जागी स्वल्पविराम येतो आणि हजाराच्या जागी टिंब. पाटीवर १.२९९ युरो असेल तर ते बाराशे नव्व्याण्णव. 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे. वेळापत्रकात वारांची दोन अक्षरं असतात. त्यातला 'सो' म्हणजे रविवार. मराठी डोकं तो हमखास सोमवार वाचतं आणि माणूस बंद दारासमोर उभा राहतो. एका बाबतीत आपण नशीबवान आहोत: 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' असा आधी एकक मग दशक हा क्रम ऐकून इंग्रजीभाषक डोकं धरतात, आपल्याला एकवीस, बावीसची सवय आहेच.

५. रस्त्यावर

महामार्गावर जिकडेतिकडे 'आउसफार्ट' दिसतं. ते गावाचं नाव नाही, बाहेर पडायचा रस्ता. तसंच 'आइनबानश्ट्रासे' हे रस्त्याचं नाव नाही, एकदिशा मार्ग. भेटायची जागा कळवताना त्या पाटीचा फोटो पाठवू नका, शहरात तशा शेकडो आहेत.

बांधकामाच्या कुंपणावर 'बेट्रेटेन फरबोटेन, एल्टर्न हाफ्टेन फ्यूर ईरे किंडर' असं असतं. आत येऊ नका, मुलांच्या कृत्यांना आईवडील जबाबदार. गंमत म्हणजे ही पाटी कायद्यापेक्षा एक पाऊल पुढे जाते. दिवाणी संहितेच्या ८३२ व्या कलमानुसार आईवडिलांनी देखरेखीत कसूर केली असेल तरच त्यांच्यावर भार येतो. तरी पाटी सगळीकडे आहे.

गाडीवाल्यांसाठी पार्कशायबे. निळी, ११ बाय १५ सेंटिमीटरची, घड्याळाची चकती असलेली. जिथे तिचं चित्र आणि 'दोन तास' असं लिहिलेलं असतं तिथे पैसे नाहीत, पण चकती काचेमागे हवी. काटा पोचल्याच्या वेळेवर लावायचा नसतो, पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा. १० वाजून १० मिनिटांनी आलात तर १०:३० वर. चकतीच नसेल किंवा काटा पुढे ढकलत बसलात तर दंड.

फोटो काढणाऱ्यांसाठी खास दंड असा: सायकल चालवताना फोन हातात घेतला तर ५५ युरो, गाडी चालवताना घेतला तर १०० युरो आणि परवान्याच्या नोंदीत दंडाचा एक गुण. थांबा, बाजूला व्हा, मग टिपा. पायी लाल सिग्नल तोडला तर ५ युरो. रक्कम लहान आहे, पण समोर लहान मूल उभं असेल तर आजूबाजूचे लोक जे ऐकवतात ते ५ युरोंपेक्षा महाग पडतं.

सिग्नलवरून आठवलं. बर्लिन, लाइपझिश, ड्रेस्डेन भागात गेलात तर टोपीवाला छोटा माणूस दिव्यात दिसेल. हा आम्पेलमेन्शन. वाहतूक-मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाउ यांनी १९६१ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये तो रेखाटला. एकीकरणानंतर त्याला काढायला निघाले तेव्हा लोकांनी मोहीम करून वाचवला, आणि आता तो पश्चिम बर्लिनमध्येही आहे. ट्रियरमध्ये त्याच्या जागी कार्ल मार्क्स चालतो, कारण मार्क्सचं जन्मगाव ते.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती भिंतीवरची लाल किनारीची पांढरी पाटी: 'एच १००' आणि खाली इंग्रजी टी सारख्या आकृतीभोवती आकडे. ती अग्निशमन दलासाठी असते. १०० म्हणजे पाइपाचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि बाजूचे आकडे म्हणजे पाटीपासून किती मीटर उजवीकडे किंवा डावीकडे आणि किती मीटर समोर गेलं की जमिनीतलं पाण्याचं तोंड सापडेल. एकदा फोटो हातात घेऊन पावलं मोजत जा. झाकण नेमकं तिथे असतं.

६. दुकानात

रविवारी दुकानं बंद. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी पहिल्या रविवारी घरात दूध नसतं.

शेल्फवरच्या किमतीच्या चिठ्ठीचा फोटो घेतलात तर मोठ्या आकड्याखालचा बारीक आकडाही येऊ द्या. तो किलोचा किंवा लिटरचा भाव असतो आणि खरी तुलना त्यावरच होते.

बाटल्या परत घ्यायचं यंत्र नव्या माणसाला खेळण्यासारखं वाटतं. ही प्फांडची, म्हणजे बाटलीच्या अनामतीची पद्धत. एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला आणि कॅनला २५ सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला ८ सेंट, पुन्हा भरायच्या पाण्याच्या बाटलीला बहुधा १५. बाटली आत सरकवली की यंत्र वाचतं, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची. सापळा असा की आपण सवयीने कॅन चुरगाळतो. खूण वाचता आली नाही की यंत्र ते बाहेर ढकलतं आणि पैसे गेले. बाहेर कचऱ्याच्या टोपलीशेजारी कुणी रिकाम्या बाटल्या नीट उभ्या ठेवलेल्या दिसतील. तो निष्काळजीपणा नव्हे. बाटल्या गोळा करून गुजराण करणाऱ्यांना टोपलीत हात घालावा लागू नये म्हणून तसं करतात. बाटल्यांचा फोटो घ्या, वेचणाऱ्या माणसाचा नको.

गावाबाहेरच्या रस्त्यावर फुलांची शेतं आणि 'ब्लूमेन झेल्ब्स्ट श्नायडेन' अशी पाटी दिसली तर थांबा. सुरी बांधलेली असते, फुलं आपणच कापायची, भाव फळीवर लिहिलेला असतो आणि पैसे लोखंडी डब्यात टाकायचे. बघायला कुणी नसतं. सुटे पैसे मात्र जवळ हवेत.

७. वर्षात एकदाच मिळणारे फोटो

जानेवारीत घरांच्या चौकटीवर खडूने लिहिलेलं दिसेल: सालाचे पहिले दोन आकडे, मग सी, एम, बी आणि शेवटचे दोन आकडे. राजांचा वेश केलेली मुलं ६ जानेवारीच्या सुमारास घरोघर गाणी म्हणत दान गोळा करतात आणि 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं लिहून जातात. ते पुसू नका.

मेच्या पहिल्या तारखेला ऱ्हाइन भागात घरांसमोर रंगीत कागदाच्या झिरमिळ्या लावलेली बर्चची झाडं उभी असतात, कुणीतरी कुणावर प्रेम करतंय याची जाहीर नोंद. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं आपल्या निम्म्या उंचीचे कागदी शंकू कवटाळून जातात. तुमचं मूल पहिलीत जाणार असेल तर हा शंकू, शूलट्युटे, आईवडिलांनीच भरायचा असतो. तो शाळेतून मिळेल असं समजू नका.

आणि द्राक्षमळ्यांच्या गावात एखाद्या घरावर झाडू टांगलेला दिसला तर आत जा. ही बेझेनविर्टशाफ्ट, शेतकऱ्याने स्वतःच्या घरात उघडलेली वाइनची जागा. ती वर्षातले काही महिनेच उघडी असते आणि तिथे खुर्च्याही मोजक्याच असतात. झाडू आहे तोवर उघडं, काढला की बंद. अनोळखी लोकांच्या टेबलावर बसावं लागतं. "इस्ट हीर नोख फ्राय?" म्हणजे 'इथे जागा आहे का?' एवढं विचारायचं. शाकाहारी असाल तर चीज घातलेले स्पेत्सले, म्हणजे इथले नूडल्स, मागा, आणि तरी त्यात स्पेक, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, नाहीत ना हे विचारून घ्या.

८. पायाखालचे पितळी दगड

हे फोटो वेगळ्या मनाने काढायचे. फुटपाथवर, जुन्या घरांच्या दारासमोर, दहा सेंटिमीटरची चौकोनी पितळी पट्टी दिसते. वर 'हीर वोन्टे', म्हणजे इथे राहत होते, खाली नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिश या कलाकाराने १९९२ मध्ये कोलोनला असा पहिला श्टोल्परश्टाइन, म्हणजे अडखळायचा दगड, बसवला. २०२३ मध्ये न्युर्नबेर्गला एक लाखावा बसला. नाझींनी ज्यांना नेलं त्यांनी स्वतःच्या मर्जीने निवडलेलं शेवटचं घर जिथे होतं, तिथे तो असतो. म्युनिकमध्ये सार्वजनिक फुटपाथवर ते दिसणार नाहीत, तिथल्या पालिकेची परवानगी नाही.

वाचायला दोनचार शब्द पुरतात. नावाखालचं 'यारगांग' म्हणजे जन्मवर्ष, त्याची दोनच अक्षरं लिहिलेली असतात. 'गेबोरेने' म्हणजे माहेरचं आडनाव. 'डेपोर्टिर्ट', म्हणजे हद्दपार केलं, आणि 'एरमोर्डेट', म्हणजे खून केला, हे शब्द लवकरच न शोधता कळू लागतात. श्टुटगार्टमध्ये दगडांवर १९४१ आणि रीगा हे बऱ्याचदा एकत्र दिसतं. १ डिसेंबर १९४१ रोजी इथल्या उत्तर स्थानकातून सुमारे हजार ज्यूंना रीगाला नेण्यात आलं. तो फलाट आता स्मारक आहे, आणि लोहमार्गालगतच्या भिंतीवर नेलेल्यांची नावं आहेत.

पितळ चमकतं, त्यामुळे उन्हात आपलीच सावली किंवा तिरीप फोटोत येते. ढगाळ दिवशी, वाकून, सरळ वरून घ्या. सोबत आपला चेहरा नको. ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मृतिदिनी, आणि २७ जानेवारीला, म्हणजे आउशवित्झ छळछावणी मुक्त झाली त्या दिवशी, लोक हे दगड घासूनपुसून शेजारी मेणबत्ती लावतात. तेव्हा फोन ठेवून द्या आणि फडकं घेऊन जा, कुणी नाही म्हणत नाही.

९. फोटोखाली एक ओळ

नुसते फोटो साठवून काही होत नाही. प्रत्येकाखाली त्याच दिवशी एक ओळ लिहा: कुठे, काय लिहिलंय, आणि मी काय करायचं. शक्यतो जर्मनमध्ये, चुकलं तरी. घराचे, रस्त्याचे, दुकानाचे असे वेगळे संग्रह ठेवा. हस्तांतराचे आणि मीटरचे फोटो मात्र स्वतंत्र ठेवा आणि घर सोडून अनामत हातात येईपर्यंत पुसू नका. कुठे प्रसिद्ध करणार असाल तर घंटेवरची नावं, गाड्यांचे नंबर आणि चेहरे झाका.

नव्याने आलेल्यांना जर्मन शिकवणाऱ्या सरकारी एकात्मता अभ्यासक्रमाच्या शेवटी जी स्थलांतरितांची जर्मन परीक्षा असते, तिच्या तोंडी भागात एक फोटो हातात देतात आणि त्याबद्दल बोलायला सांगतात. काय दिसतं, आणि तुमच्या देशात हे कसं असतं. तुमच्याकडे त्याची तयारी आपोआप झालेली असेल. आपलाच एक फोटो घ्या, "आउफ डेम फोटो झेहे इश...", म्हणजे 'फोटोत मला दिसतं...', म्हणून सुरुवात करा, मग 'इम फोर्डरग्रुंड' समोर काय आहे ते आणि 'इम हिंटरग्रुंड' मागे काय आहे ते सांगा, आणि "इन इंडियेन इस्ट एस आंडर्स", म्हणजे 'भारतात वेगळं असतं', म्हणून पुढे बोलत राहा. डब्यांचा फोटो त्यासाठी उत्तम. त्यावर बोलायला प्रत्येक मराठी माणसाकडे भरपूर असतं.